पन्हाळ्याच्या मातीवर आळ

रविवारी पन्हाळ्यावर तबक उद्यानाच्या आसपास गाड्या लागल्या की हल्ली त्यांतून माणसांबरोबर शिह त्झू, ल्हासा आप्सो, माल्टीज अशी केसाळ मंडळीही उतरतात. पांढऱ्याशुभ्र कुत्र्याच्या डोळ्यांखाली दोन तांबूस-तपकिरी ओघळ दिसले की बघणारा सहज म्हणतो, "तांबड्या मातीत लोळलंय वाटतं." मालकही मान डोलावतो. गडाचा माथा जांभ्याचा. पावसात वाट तांबडी, टायर तांबडे, पँटीची दुमडही तांबडी. मग कुत्र्याचेच गाल कसे सुटतील?

पण माती अशी जागा निवडून लागत नाही. लोळलेल्या कुत्र्याचं पोट भरतं, पाठ भरते, कान भरतात. हे ओघळ मात्र डोळ्याच्या आतल्या कोपऱ्यातून निघतात आणि नाकाच्या कडेकडेने खाली उतरतात. माती पाण्याने जाते, हा रंग शांपूलाही दाद देत नाही. कारण तो बाहेरून आलेलाच नाही. कुत्र्याचं शरीर रक्त घडवतं, त्या कामातून तो आलेला आहे.

रक्ताचा लाल रंग हीम नावाच्या रेणूचा. चार छोटी कडी जोडून झालेलं एक मोठं कडं आणि त्याच्या मधोमध लोहाचा एक अणू, अशी त्याची रचना. लोह बसण्याआधीचं ते रिकामं कडं म्हणजे पॉर्फिरिन. हीम तयार होताना थोडं पॉर्फिरिन शिल्लक राहतं. ते पित्तातून आणि लघवीतून बाहेर जातं, आणि कुत्र्यात अश्रूंतून व लाळेतूनही. अश्रू पारदर्शकच दिसतात. ते केसांवर पुन्हा पुन्हा वाळले, उजेड लागला, की रंग गडद होत जातो. सतत पाय चाटणाऱ्या पांढऱ्या कुत्र्याची बोटं तांबूस होतात तीही याच लाळेने. पन्हाळ्यावर तेवढ्या एका ठिकाणी माती की लाळ याचा खरंच घोळ होऊ शकतो. पाय धुवून पाहा, उलगडा होईल.

हे कडं सजीवांनी किती ठिकाणी वापरलंय ते पाहिलं की थक्क व्हायला होतं. कड्यात थोडा फेरफार करून मध्ये लोहाऐवजी मॅग्नेशियम बसवा, हरितद्रव्य मिळतं. गडावरच्या प्रत्येक हिरव्या पानात ते आहे. तपकिरी अंड्याच्या कवचाचा रंगही पॉर्फिरिनचाच. असं अंडं अंधारात अतिनील दिव्याखाली धरलं तर लालसर-गुलाबी चमकतं. उंदरांच्या डोळ्यामागे तर पॉर्फिरिन स्रवणारी खास ग्रंथी असते. उंदीर आजारी पडला किंवा घाबरला की त्याच्या डोळ्यांतून रक्तासारखे लाल अश्रू येतात, पण त्यात रक्ताचा थेंब नसतो. गडावरच्या जांभ्याची लाली मात्र लोहाची आहे: लाखो पावसाळ्यांनी काळ्या बेसॉल्टमधलं बाकी बरंच काही वाहून नेलं आणि लोह मागे राहून गंजलं. पॉर्फिरिनच्या कड्याला रंगासाठी लोहाची गरजच नाही. त्यामुळे 'बोअरच्या पाण्यातल्या लोहाने डाग पडतात, बाटलीचं पाणी पाजा' या सल्ल्यावर मी तरी पैसे घालणार नाही.

मग अश्रू तर सगळ्याच कुत्र्यांना येतात, ओघळ या केसाळ मंडळींच्याच गालावर का? दोष निचऱ्याचा. डोळ्याच्या आतल्या कोपऱ्यात वरच्या आणि खालच्या पापणीला एकेक सूक्ष्म छिद्र असतं. तिथून अश्रू बारीक नळीने हाडातून वाट काढत नाकात उतरतात. आपल्याकडच्या मुधोळ किंवा कारवान कुत्र्याच्या लांबोळक्या तोंडात या नळीला ऐसपैस जागा मिळते. शिह त्झूचा चेहरा माणसाने पिढ्यान् पिढ्या निवड करून चपटा केला. खोबणी उथळ झाली, डोळे बाहेर आले, खालची पापणी बुबुळाला घट्ट चिकटून कोपऱ्यात आत वळली, छिद्र दाबलं गेलं, नळी वाकली. त्यातच कोपऱ्यातले केस डोळ्याला टेकतात आणि निरांजनातल्या वातीसारखे अश्रू ओढून गालावर आणतात. एकेकाळी घरोघरी दिसणारा आपला पांढरा पॉमेरियन, म्हणजे १९९४ च्या 'हम आपके हैं कौन'मधल्या टफीचा भाऊबंद, नाकाने बराच टोकदार. त्याच्या चेहऱ्यात ही अडचण तुलनेने कमी.

नळी मोकळी आहे का हे पाहण्याची तपासणी मोठी देखणी आहे. डॉक्टर डोळ्यात फ्लुरेसिन नावाच्या रंगाचा थेंब सोडतात. नळी उघडी असेल तर काही मिनिटांत नाकपुडीशी झगझगीत हिरवा ठिपका उमटतो. चपट्या नाकात तो कधी पुढे न येता घशाकडे जातो, म्हणून तोंडातही बघावं लागतं. बुबुळावर जखम असेल तर तीही याच रंगाने हिरवी उजळते. आडोल्फ फॉन बायर या जर्मन रसायनशास्त्रज्ञाने १८७१ साली हा रंग बनवला तो काही कुत्र्यांसाठी नव्हे. नळी तुंबली असेल तर भूल देऊन ती धुता येते, पापणी फारच वळली असेल तर शस्त्रक्रिया होते. डोळ्याला टोचणारे पापणीचे जादा केस काढता येतात.

डाग घालवणारी पूड म्हणून विकल्या जाणाऱ्या काही उत्पादनांत टायलोसिन हे प्रतिजैविक असायचं. गंमत म्हणजे तेही मातीतल्याच एका जीवाणूपासून मिळतं. डाग फिके होत, पूड थांबवली की परत येत. कुत्र्यांच्या अश्रूंच्या डागांवर या औषधाला मान्यता नव्हती, आणि २०१४ साली अमेरिकेच्या अन्न व औषध प्रशासनाने अशा कंपन्यांना ताकीद दिली. गालाच्या शोभेसाठी महिनोन् महिने प्रतिजैविक चारणं मला तर अघोरीच वाटतं.

घरचा उपाय साधा आणि कंटाळवाणा आहे. उकळून गार केलेल्या पाण्यात किंवा सलाईनमध्ये कापूस भिजवून रोज कोपरा पुसायचा आणि, जे बहुतेक जण विसरतात, मग कोरडा करायचा. ओल्या केसांत यीस्ट वाढतं, त्याने रंग आणखी गडद होतो, आंबूस वास येतो. पन्हाळ्याच्या पावसाळी धुक्यात, कपडेही दोन दोन दिवस वाळत नाहीत तिथे, हे कोरडं करणंच निम्मं काम. कोपऱ्यातले केस गोल टोकाच्या कात्रीने, टोक डोळ्यापासून दूर धरून, आखूड ठेवायचे. लिंबू किंवा हायड्रोजन पेरॉक्साइड डोळ्याजवळ न्यायचं नाही. घरातले माणसांचे स्टेरॉइडचे थेंब तर मुळीच नकोत; बुबुळावर जखम असेल तर ते डोळा घालवू शकतात.

एकाच डोळ्यातून पाणी, अचानक सुरू झालेलं पाणी, मिचकावणं, लाली, पिवळट-हिरवा चिकटा यांपैकी काही दिसलं तर कापूस बाजूला ठेवून त्याच दिवशी डॉक्टर गाठावेत. एकदा रंगलेला केस पुन्हा पांढरा होत नाही; तो कापायचा आणि मुळाशी नवा येईल त्याला कोरडं ठेवायचं. काळ्या पगच्या मालकांनी निर्धास्त राहू नये. त्यांच्याकडेही हेच ओघळ असतात, फक्त दिसत नाहीत. डोळ्याखाली बोट फिरवलं की ओल हाताला लागते.