तिसऱ्या दिवसाचा ठणका
दंतारोग्य लेखमाला : लेखांक सहावा

हाडात आडवी अडकलेली खालची अक्कलदाढ काढताना हिरडीला छेद का द्यावा लागतो, भोवतालचे हाड का कोरावे लागते आणि दाढेचे तुकडे करून ती का बाहेर घ्यावी लागते, याचे विवेचन मागील लेखांकात झाले. टाके पडले आणि रुग्ण गालावर हात ठेवून घरी परतला की काम संपले, असा सर्वसाधारण समज आहे. वस्तुतः दाढ काढण्यास अर्धा-पाऊण तास लागत असला तरी तिची रिकामी जागा भरून येण्यास कित्येक महिने लागतात, आणि या काळातील बहुतेक गुंतागुंत पहिल्या आठवड्यात उद्भवते.

दाढेची मुळे जबड्याच्या हाडात ज्या खळग्यांत रुतलेली असतात त्यांना खोबण म्हणतात. दाढ निघताच खोबण रक्ताने भरते, आणि दाताखाली घट्ट धरलेल्या कापडी बोळ्याच्या दाबाखाली ते रक्त अर्ध्या-पाऊण तासात गोठते. रक्तातील फायब्रिन नावाच्या प्रथिनाचे धागे एकमेकांत गुंतून जी गुठळी तयार होते, तिची दोन कामे असतात : उघड्या हाडावर ती झाकण घालते, आणि नव्या पेशींना व बारीक रक्तवाहिन्यांना आत शिरण्यासाठी आधार देते. आठवडाभरात गुठळीच्या जागी लालसर, दाणेदार कोवळी ऊती येऊ लागते. पुढील एक-दोन महिन्यांत तीत कच्चे हाड धरते. क्ष-किरण चित्रात मात्र खोबणीची कड पुढे चार-सहा महिने ओळखू येते.

दवाखान्यातून निघताना दिल्या जाणाऱ्या सूचना या गुठळीसाठीच असतात, परंतु चिठ्ठीवर घाईने छापलेल्या त्या यादीत कारण क्वचितच सांगितलेले असते, आणि कारण न कळलेले पथ्य फार दिवस पाळले जात नाही. थुंकू नये, नळीने ओढून पिऊ नये, पहिले चोवीस तास चुळा भरू नयेत, असे सांगितले जाते, कारण या प्रत्येक क्रियेत तोंडात ओढ किंवा जोर निर्माण होऊन ओली गुठळी उपटून निघू शकते. लाळेत थोडे रक्त मिसळले तरी तोंड भरून रक्त आल्यासारखे वाटते, आणि रुग्ण घाबरून पुन्हा पुन्हा थुंकतो. रक्त थांबण्यासाठी नेमके याच्या उलट, म्हणजे बोळा दाबून स्वस्थ बसणे, आवश्यक असते. दुसऱ्या दिवसापासून पेलाभर कोमट पाण्यात अर्धा चमचा मीठ घालून ते तोंडात घोळवावे आणि मान वाकवून नुसते गळू द्यावे.

सूज साधारणतः दुसऱ्या-तिसऱ्या दिवशी सर्वाधिक असते व नंतर ओसरते. वेदना मात्र पहिल्या दिवसापासून उतरणीला लागली पाहिजे. उतरलेली वेदना तिसऱ्या ते पाचव्या दिवसाच्या सुमारास अचानक उसळून आली, ठणका कानापर्यंत आणि कानशिलापर्यंत पोहोचू लागला आणि साध्या गोळीनेही तो दबेनासा झाला, तर ‘ड्राय सॉकेट’ म्हणजे कोरडी खोबण झाल्याची शंका घ्यावी. आरशात पाहिल्यास गडद तांबड्या गुठळीऐवजी करडे-पिवळट उघडे हाड दिसते आणि तोंडाला दुर्गंधी येते. येथे एक घोटाळा नेहमी होतो : बऱ्या होत असलेल्या खोबणीवरही चौथ्या दिवशी पांढरट-पिवळा थर दिसतो, तो पू समजून काडीने किंवा ब्रशने खरवडला जातो, आणि भरत आलेली जखम पुन्हा उघडी पडते. थर मऊ असून वेदना कमी होत असेल तर त्याला हात लावू नये.

या विकाराचे वर्णन जेम्स क्रॉफर्ड यांनी १८९६ मध्ये केले. गुठळी केवळ निसटून पडते असे पूर्वी मानले जाई; पुढे डॅनिश संशोधक बर्न यांनी अशी मांडणी केली की, दुखावलेल्या हाडातून बाहेर पडणाऱ्या द्रव्यांमुळे फायब्रिन विरघळवणारी यंत्रणा वाजवीपेक्षा जास्त चेतते आणि गुठळी जागच्या जागी विरते. त्यामुळेच साध्या दंतोत्पाटनानंतर शंभरात एक ते पाच जणांना होणारा हा त्रास खालच्या अवघड अक्कलदाढेनंतर कित्येक पटींनी अधिक आढळतो. धूम्रपानाने आणि गर्भनिरोधक गोळ्यांनीही धोका वाढतो. महाराष्ट्रात यात मिश्रीचा विचार करावाच लागतो : भाजलेल्या तंबाखूची ही पूड दात घासण्याच्या निमित्ताने लावली जात असल्याने अनेक स्त्रिया तिला व्यसन समजत नाहीत, आणि ‘तंबाखू खाता का?’ या प्रश्नाला प्रामाणिकपणे ‘नाही’ असे उत्तर देतात. दंतवैद्याने मिश्रीचे नाव घेऊनच विचारले पाहिजे.

कोरडी खोबण हा मुळात जंतुसंसर्ग नसल्याने प्रतिजैविकांच्या गोळ्या वाढवून ठणका थांबत नाही, तरीही त्या सर्रास लिहून दिल्या जातात. सलाइनने खोबण हलकेच धुऊन तीत युजेनॉल या लवंग तेलातील घटकाची औषधी पट्टी ठेवणे हा रूढ उपचार होय. ठणका बऱ्याचदा तासाभरात उतरतो, पट्टी दर एक-दोन दिवसांनी बदलावी लागते आणि आठवडा-दहा दिवसांत हाड झाकले जाते. घरी खोबणीत ॲस्पिरिनची गोळी दाबून ठेवू नये, कारण तिने हिरडी पोळते.

तोंड दोन बोटांपेक्षा जास्त न उघडणे, म्हणजे दातखीळ, चघळण्याच्या स्नायूंना सूज आल्याने होते आणि ती बहुधा एक-दोन आठवड्यांत सुटते. खालचा ओठ, हनुवटी किंवा जीभ दुसऱ्या दिवशीही बधिर राहिल्यास तेथील चेतातंतू दुखावलेला असू शकतो. बहुतेक वेळा संवेदना काही आठवड्यांत वा महिन्यांत परतते, पण बधिरतेची नोंद पहिल्या आठवड्यातच दंतवैद्याकडून करून घ्यावी. वरची दाढ काढल्याने नजर अधू होते, हा समज मात्र निराधार आहे, कारण दातांकडे जाणारा आणि दृष्टीचा हे दोन चेतातंतू पूर्णपणे वेगळे आहेत. वरच्या दाढेबाबत खरी काळजी नाकाजवळच्या सायनसची असते; पाणी पिताना ते नाकातून येऊ लागल्यास खोबण आणि सायनस यांच्यात छिद्र पडले आहे असे समजावे, नाक शिंकरू नये आणि त्याच दिवशी दंतवैद्याकडे जावे.

हाडांच्या ठिसूळपणासाठी किंवा कर्करोगासाठी बिसफॉस्फोनेट गटाची औषधे घेणाऱ्या रुग्णाने ते दाढ काढण्याआधीच सांगावे. अशा औषधांमुळे जबड्याचे हाड मृत होऊ शकते, हे २००३ पासून वैद्यकास ठाऊक आहे.

वरील बहुतेक तक्रारी सकाळपर्यंत थांबू शकतात. परंतु ताप येऊन जिभेखालचा भाग दोन्ही बाजूंनी फळीसारखा टणक सुजला, गिळता येईना, आवाज घोगरा झाला किंवा श्वास अडू लागला, तर लुडविग यांनी १८३६ मध्ये वर्णिलेला तो घातक संसर्ग असू शकतो, आणि त्यात श्वासमार्ग काही तासांत बंद होतो. अशा वेळी दंतवैद्याच्या दूरध्वनीची वाट न पाहता, रात्र असली तरी, रुग्णास थेट मोठ्या रुग्णालयाच्या तातडीच्या विभागात न्यावे.