ठशांची टक्कर आणि निजामशाहीचा फलूस

अहमदनगरच्या (आताच्या अहिल्यानगरच्या) निजामशाहीतील तांब्याच्या नाण्यांवर, म्हणजे फलूसांवर, टांकसाळीचे नाव आणि हिजरी वर्ष दोन्ही पूर्ण वाचता येतील असा नमुना क्वचितच हाती लागतो आणि त्यामुळे ही नाणी सदोष मानली जातात. परंतु या अपुरेपणाला चूक म्हणता येत नाही. मुर्तझा निजामशाह पहिला (१५६५–१५८८) आणि त्याच्यानंतरचे सुलतान यांच्या काळात नाणे हातानेच पाडले जाई. ठरावीक वजनाची चकती खालच्या, पक्क्या बसवलेल्या ठशावर ठेवायची, वरचा ठसा तिच्यावर उभा धरायचा आणि त्यावर घण घालायचा, अशी रीत होती. ठसा म्हणजे उलटी अक्षरे खोल कोरलेला कठीण धातूचा ठोकळा. तो चकतीपेक्षा रुंद असल्याने मजकुराच्या कडा चकतीबाहेर राहत. १६०० मध्ये मुघलांनी किल्ला घेतल्यानंतर येथे पाडलेल्या रुपयांवर आणि पुढे मराठ्यांच्या शिवराईवरही हेच दिसते.

खरी चूक घडते ती कामाचा क्रम बिघडल्यावर. चकती ठेवायची राहून गेली आणि घण पडला, तर दोन्ही ठसे एकमेकांवर आदळतात आणि प्रत्येकाच्या सपाट भागावर समोरच्या ठशातील आकृतीची बाह्यरेषा उमटते. ही ठशांची टक्कर क्षणात संपते, पण तिची खूण ठशावर राहते आणि तो घासून गुळगुळीत केला जाईपर्यंत त्यातून निघणाऱ्या प्रत्येक नाण्यावर मूळ मजकुरामागे दुसऱ्या बाजूची पुसट, उलटी आकृती दिसत राहते. याहून वेगळा दोष उलट्या छापाचा. पाडलेले नाणे वरच्या ठशाला चिकटून राहिले आणि तसेच पुढच्या चकतीवर दाबले गेले, तर त्या चकतीच्या एका बाजूला नेहमीची उठावदार छाप येते आणि दुसऱ्या बाजूला चिकटलेल्या नाण्याच्या उघड्या बाजूची, म्हणजे त्याच छापेची, खोलगट व उलटी प्रतिमा येते. चिकटलेले नाणे निघाले की हा दोष संपतो. टक्करीची खूण मात्र पुढील नाण्यांत उतरत जाते. ठशाला तडा गेल्यास धातू त्या फटीत शिरतो, म्हणून नाण्यावर तडा उंचावलेल्या रेषेच्या रूपात दिसतो आणि ठसा झिजेल तशी ती रेषा लांबत जाते.

अभ्यासकाच्या दृष्टीने या खुणांचे मोल फार मोठे आहे. एकाच ठशातून निघालेल्या फलूसांत ज्यांवर तडा आखूड आहे ते आधीचे आणि ज्यांवर तो लांब आहे ते नंतरचे, हे वर्ष वाचता न येताही ठरवता येते. शिवाय एका नाण्यावर डावीकडचा आणि दुसऱ्यावर उजवीकडचा मजकूर उमटलेला असल्यास दोन्ही जुळवून मूळ ठशावरील संपूर्ण लेख वाचता येतो. दोन छापा एकावर एक दिसल्या की ती चूकच असे मात्र नव्हे. नाशिकजवळ जोगळटेंभी येथे १९०६ मध्ये सापडलेल्या तेरा हजारांहून अधिक नाण्यांपैकी क्षत्रप राजा नहपानाच्या सुमारे दोन तृतीयांश नाण्यांवर त्याला हरवणाऱ्या सातवाहन राजा गौतमीपुत्र सातकर्णीने आपली छाप मुद्दाम पुन्हा मारली होती आणि त्यामागे जिंकलेल्या राज्यावरील अधिकार जाहीर करण्याचा हेतू होता.

मुंबईच्या टांकसाळीत आज यंत्र मिनिटाला शेकडो नाणी पाडते आणि चकतीभोवती पोलादी कडे असल्याने ती बाहेर पसरत नाही. तरीही चकती पुरवणारी यंत्रणा क्षणभर चुकली की तीच टक्कर होते. अशा नाण्यांना भरमसाट किमती सांगितल्या जातात, परंतु टांकसाळीबाहेर ठोकल्याने, घासल्याने किंवा आम्लाने झालेली इजा म्हणजे छपाईतील चूक नव्हे, हे ग्राहकाने ओळखायला हवे.

अहिल्यानगर जिल्ह्यात नांगरताना किंवा पाया खणताना नाण्यांचे मडके सापडले, तर ती चिंचेने वा राखेने घासू नयेत आणि वाटूनही घेऊ नयेत, कारण ठशांची तुलना संपूर्ण साठा एकत्र राहिला तरच होऊ शकते. १८७८ च्या निखात निधी अधिनियमानुसार दहा रुपयांहून अधिक मूल्याचा असा ठेवा सापडल्यास जिल्हाधिकाऱ्यांना लेखी कळवणे बंधनकारक आहे.