निफाडात जन्मलेले न्यायमूर्ती अन् शेतकऱ्याचं कर्ज

एकलहरे (ता. नाशिक) : आपल्या शेजारच्या निफाडात १८ जानेवारी १८४२ ला महादेव गोविंद रानडे जन्मले. न्यायमूर्ती रानडे हे नाव शाळेच्या पुस्तकात सगळ्यांनी वाचलंय. पण शेतकऱ्याच्या कर्जाशी त्यांचा संबंध कसा आला, हे फार जणांना माहीत नसतं.

१८७५ मध्ये पुणे-नगर भागात शेतकऱ्यांनी सावकारांचे कर्जरोखे जाळले. त्यानंतर १८७९ ला सरकारने पुणे, नगर, सोलापूर, सातारा या चार जिल्ह्यांसाठी दख्खन शेतकरी कायदा आणला. आधी रोख्यावर अंगठा दिसला की बहुतेक वेळा निकाल सावकाराकडे जायचा. या कायद्यामुळे मुद्दल किती, व्याज किती, फेड किती हा हिशोब न्यायाधीश मुळापासून तपासू लागला. हप्ते पाडून मिळू लागले. कर्जापायी शेतकऱ्याला तुरुंगात टाकणं बंद झालं.

रानडे याच कायद्याखाली विशेष न्यायाधीश झाले. फिरून खालच्या कोर्टांचे निकाल तपासायचे, हे त्यांचं काम. १८९३ ला ते मुंबई हायकोर्टाचे न्यायाधीश झाले. १६ जानेवारी १९०१ ला ते वारले.

आजही मुद्दा तोच आहे, हिशोबाचा. कोऱ्या कागदावर सही देऊ नका. सावकाराचा परवाना बघा, दिलेल्या पैशाची पावती घ्या. बेकायदा सावकाराने जमीन लिहून घेतली असेल, तर २०१४ च्या सावकारी कायद्यानुसार सहकार खात्याच्या जिल्हा उपनिबंधकांकडे अर्ज करता येतो.