इंजिन ब्रेक (अवजड वाहने)

इंजिन ब्रेक ही अवजड मालमोटारींचा वेग उतारावर काबूत ठेवणारी पूरक व्यवस्था आहे. चाकांवरील ब्रेक मुख्यतः वाहन थांबवण्यासाठी असतात. लांब उतारावर वेग सतत धरून ठेवण्याचे काम त्यांच्यावरच सोपवले, तर ते तापून निकामी होऊ शकतात.

उतारावरील उष्णता

४० टनांचे वाहन ५०० मीटर खाली उतरते (खंडाळा ते खोपोली हा उतार साधारण एवढाच आहे), तेव्हा सुमारे २० कोटी ज्यूल ऊर्जा मोकळी होते. तेवढ्या उष्णतेने जवळजवळ ६०० लिटर पाण्याला उकळी येईल. हवेचा व टायरांचा रोध तिचा काही भाग पत्करतो. उरलेली कोठेतरी जिरवावीच लागते. ती सगळी ब्रेकच्या ड्रममध्ये गेली, तर ड्रम तापून प्रसरण पावतो, अस्तराची घर्षणक्षमता घटते आणि पेडल पूर्ण दाबूनही वाहन आवरत नाही.

शोध व कार्य

१९३१ साली अमेरिकी अभियंते क्लेसी कमिन्स डिझेल इंजिनाच्या प्रचारासाठी ट्रकने देश ओलांडत होते. कॅलिफोर्नियातील काहोन खिंड उतरताना ब्रेक दाद देईनासे झाले आणि खाली रूळ ओलांडताना मालगाडीशी होणारी टक्कर थोडक्यात टळली. निवृत्तीनंतर त्यांनी या प्रश्नावर उपाय शोधला. जेकब्स या कंपनीने तो १९६१ मध्ये बाजारात आणला.

पेट्रोल इंजिनात अ‍ॅक्सिलरेटर सोडताच हवेची वाट आवळली जाते व इंजिन वाहनाला मागे ओढते. डिझेल इंजिनात अशी आडकाठी सहसा नसते. त्यात दट्ट्या हवा दाबतो खरा, पण दाबलेली हवा स्प्रिंगप्रमाणे उसळून बहुतेक ऊर्जा परत करते. कमिन्स यांनी नेमकी ही परतफेड रोखली. दट्ट्या वरच्या टोकाजवळ येताच निष्कास झडप किंचित उघडते, दाबलेली हवा निसटते आणि ती दाबण्यात खर्ची पडलेली ऊर्जा वाहनाला परत मिळत नाही. हवा निसटताना मोठा कडकडाट होतो. अमेरिकेतील अनेक गावांनी त्यामुळे याच्या वापरावर बंदी घातली आहे.

एक्झॉस्ट ब्रेक हा याहून साधा प्रकार भारतातील अनेक ट्रकांत आढळतो. त्यात धूर बाहेर नेणारी नळी झडपेने आवळली जाते.

न्यूट्रलमधील धोका

वरील सर्व व्यवस्था वाहन गिअरमध्ये असेल तरच चालतात. डिझेल वाचावे म्हणून उतारावर गाडी न्यूट्रलमध्ये सोडण्याची सवय म्हणूनच घातक आहे. पुण्याजवळ कात्रजच्या नव्या बोगद्यापासून नवले पुलापर्यंतच्या उतारावर झालेल्या अपघातांच्या संदर्भात तिचा वारंवार उल्लेख होतो. शिवाय ही बचत बहुधा भ्रामकच असते: आधुनिक इंजिनात गिअर तसाच ठेवून अ‍ॅक्सिलरेटर सोडला, तर इंधनपुरवठा पूर्ण थांबतो, न्यूट्रलमध्ये मात्र इंजिन फिरते ठेवण्यासाठी थोडे डिझेल जळतच राहते. काही चालक इंजिनच बंद करतात. तेव्हा ब्रेकसाठी हवा भरणारा कॉम्प्रेसर थांबतो, स्टिअरिंग जड होते आणि पेडल दाबावे तसतशी टाकीतील हवा संपत जाते.