पीएसआय नव्हे, टाकी बघा! ट्यूबलेस सायकलसाठी घरचा कॉम्प्रेसर

(ऐकायला वेळ नसेल तर वाचा. या भागाचं शब्दांकन, थोडं आवरून-सावरून.)

"ट्यूबलेस टायर घरी बसवायचाय, कुठला कॉम्प्रेसर घेऊ?" हा प्रश्न बऱ्याच जणांनी विचारलाय. म्हटलं, आज एकदाच निवांत बोलू. बाईक म्हणजे इथे सायकल हं. मोटरसायकलवाल्यांना टायर दुकानातून बसवूनच मिळतो, त्यांना फक्त हवा राखायची असते. त्यांचं काम छोट्या इन्फ्लेटरवर भागतं.

आधी माझी फजिती सांगतो. माझी पहिली 200 किलोमीटरची बीआरएम होती. वेळमर्यादा साडेतेरा तास, सकाळी 6 ला स्टार्ट. आदल्या रात्री मी हौसेने नवे 40 मिलिमीटरचे टायर चढवले. हातात बॅटरीवर चालणारा इन्फ्लेटर, बॉक्सवर ठळक अक्षरात '150 पीएसआय'. मला हवे होते फक्त 40! रात्री 9 पासून 12 पर्यंत ते यंत्र घुरघुरत होतं आणि टायरच्या कडेने हवा फुसफुसत बाहेर. फरशीवर सीलंटचं थारोळं. महिनाभर केलेली तयारी सोफ्यावर बसून गेली.

दुसऱ्या दिवशी कोपऱ्यावरच्या पंक्चरवाल्या काकांकडे गेलो. त्यांची नळी माझ्या बारीक प्रेस्टा वॉल्व्हला बसेना, म्हणून घरी जाऊन पितळी अडॅप्टर आणला. मग दोन सेकंदांत फट्, फट्! टायर बसला. मी म्हटलं, "काका, माझ्याकडे 150 चं मशीन आहे हो." ते म्हणाले, "दादा, त्यात प्रेशर असेल, पण हवा कुठाय?"

बीटेकला चार वर्षं घालवून जे कळलं नाही, ते या एका वाक्यात आहे.

गळकी बादली आठवा. नळाची बारीक धार सोडली तर ती कधीच भरत नाही, कारण येतं तेवढं पाणी निघून जातं. पण भरलेली घागर एकदम उपडी केली तर क्षणात काठोकाठ. ट्यूबलेस टायर सुरुवातीला अशी गळकी बादलीच असतो. त्याची कड, म्हणजे बीड, रिमवर सैल पडलेली असते. गळतीपेक्षा जास्त वेगाने हवा आत घुसली तरच बीड उडी मारून जागेवर बसते. तो 'फट्' आवाज त्याचाच.

आता आकडे. 700 बाय 40 च्या टायरमध्ये जागा साधारण अडीच लिटर. 40 पीएसआय म्हणजे पावणेतीन बार, म्हणजे बाहेरची सुमारे 7 लिटर हवा आत कोंबायची. मिनिटाला 12 लिटर देणारा इन्फ्लेटर एका सेकंदाला देतो 200 मिलिलिटर. तेवढी तर कडेनेच निसटते. याउलट 24 लिटरच्या टाकीत 8 बारने हवा भरली असेल, तर दाब पावणेतीन बारवर येईपर्यंत ती सव्वाशे लिटर हवा सोडू शकते, तीही झपाट्याने. 6 लिटरच्या टाकीतूनही तीसेक लिटर मिळते. म्हणजे एका टायरपुरती छोटी टाकी चालते. माउंटन बाइकचा जाड टायर असेल, किंवा पहिल्या झटक्यात बसेल याची खात्री नसेल, तर 24 लिटरची घ्या.

मग खरेदी करताना काय बघायचं?

एक, टाकी किती लिटरची आणि मोटर किती बारला बंद होते. 8 बार भरपूर झाले.

दोन, सीएफएमचा आकडा. बरेचदा तो पिस्टनच्या आकारमानावरून काढलेला असतो, प्रत्यक्ष बाहेर पडणारी हवा त्याहून कमी. म्हणून 'एफएडी' किती ते विचारा. आपल्याला त्याचा परिणाम इतकाच की टाकी पुन्हा भरायला किती वेळ लागेल.

तीन, वीज. 1 एचपी म्हणजे साधारण 750 वॉट, पण सुरू होताना मोटर कितीतरी जास्त करंट ओढते. गिझरसारखा 16 अँपिअरचा सॉकेट वापरा. घरचा इन्व्हर्टर किंवा बारीक वायरची एक्स्टेन्शन नको.

चार, आवाज. फ्लॅटमध्ये राहत असाल तर दुकानात चालू करून ऐका. 'सायलेंट' लिहिलेलाही बोलतोच, फक्त हळू. ऑइल-फ्री घेतला तर तेल बदलायची कटकट नाही.

पाच, पाणी. दाबलेल्या हवेतली वाफ टाकीत पाणी होऊन साठते. आपल्या पावसाळ्यात तर विचारू नका. काम झालं की टाकी रिकामी करून खालचा ड्रेन उघडा, नाहीतर टाकी आतून गंजेल.

आणि हे नीट ऐका. रेग्युलेटर नसलेला कॉम्प्रेसर घेऊच नका. टायर आणि रिम, दोन्हींवर कमाल दाब लिहिलेला असतो. त्यातला कमी आकडा आपली लक्ष्मणरेषा. हुकलेस रिम असेल तर 5 बार, म्हणजे 72 पीएसआयच्या वर कधीच नाही, आणि टायरवर त्याहून कमी लिहिलं असेल तर तेच खरं. टायर रिमवरून उडाला तर बोटं आणि डोळे आपलेच असतात.

बसवताना वॉल्व्हचा कोअर काढा, वाट मोठी होते. कडेला साबणाचं पाणी लावा. हवा छोट्या झटक्यांनी सोडा. 'फट्' झालं की नळी काढा. हवा जाईल, पण बीड सहसा जागेवर राहते. मग सीलंट, कोअर आणि साधा फ्लोअर पंप. शेवटचं माप वेगळ्या गेजनेच घ्या.

शेवटी खरं सांगू? वर्षातून दोनदाच टायर बदलत असाल तर कॉम्प्रेसर घेऊ नका. हाताने भरायची टाकी असलेला फ्लोअर पंप घ्या, किंवा प्रेस्टा अडॅप्टर खिशात ठेवून काकांकडे जा. घरात तीन-चार सायकली असतील, सतत टायर बदलत असाल, तरच कॉम्प्रेसरचे पैसे वसूल.

आणि हो, राइडच्या आदल्या रात्री नवा टायर चढवू नका. एवढं ऐकलंत तरी आजचा भाग कामी आला. भेटू पुढच्या भागात!