एकास सत्त्याऐंशी: शकुंतलेची अक्षरे आणि मळ

रेल्वेच्या छोट्या प्रतिकृती करणाऱ्यांमध्ये ‘एचओ’ नावाचे माप रूढ आहे, ज्यात खऱ्या गाडीचे ८७ मिलिमीटर प्रतिकृतीत १ मिलिमीटर होतात. आणि या मापाचा हिशेब वऱ्हाडातल्या रेल्वेला लावून पाहिला म्हणजे एक गमतीची गोष्ट निदर्शनास येते. अकोला जिल्ह्यातील मूर्तिजापूर स्थानकातून जाणारा मुंबई–नागपूर ब्रॉडगेज मार्ग १,६७६ मिमी रुंदीचा असल्याने तो एचओ मापात सुमारे १९.३ मिमी भरायला हवा. पण बाजारात मिळणारा तयार रूळ युरोपातील १,४३५ मिमी गेजसाठी केलेला, १६.५ मिमीचा असतो, आणि त्यावर उभा केलेला भारतीय डबा पाय जुळवून उभ्या राहिलेल्या पहिलवानासारखा दिसतो. याच मूर्तिजापूरहून एकीकडे अचलपूरला आणि दुसरीकडे यवतमाळला जाणारी, लोकांनी ‘शकुंतला’ म्हणून जिव्हाळ्याने ओळखलेली नॅरोगेज गाडी मात्र ७६२ मिमी रुळावर धावे, ज्याचे एचओ माप पावणेनऊ मिलिमीटर येते, आणि युरोपातील डोंगरी गाड्यांसाठी केलेला ९ मिमीचा रूळ तिला जवळजवळ तंतोतंत बसतो. अकोला–खंडवा हा मीटरगेज मार्गही, ज्यावर धूळघाटजवळ रूळ वळसा घेऊन स्वतःच्याच डोक्यावरून जात असे, १२ मिमीच्या तयार रुळावर फारशी तडजोड न करता मांडता येतो. तीन गेज नांदलेल्या या मुलखात मोठ्या गाडीची प्रतिकृती चुकते आणि लहान गाडीची साधते, असा हा उफराटा न्याय आहे.

रूळ परदेशी चालतो, चाके आणि मोटरही परदेशी चालतात. पण गाडी वऱ्हाडची आहे हे ओळखू येते ते दोनच गोष्टींवरून, तिच्या अंगावरची अक्षरे आणि तिच्या अंगावरचा मळ. या दोन्ही गोष्टी युरोपातील कारखान्यांच्या तयार मालात मिळत नसल्यामुळे त्या घरीच कराव्या लागतात. पहिलीसाठी डिकल करण्याची, म्हणजे पातळ पापुद्र्यावर अक्षरे छापून ती प्रतिकृतीवर उतरवण्याची कला लागते. दुसरीसाठी वेदरिंगची, म्हणजे नव्या कोऱ्या वस्तूवर ऊन, पाऊस, काजळी, गंज आणि धूळ यांचे वय चढवण्याची कला लागते. पुण्यात कोथरूडला भाऊ जोशी यांनी उभारलेले आणि १९९८ पासून लोकांना खुले असलेले छोट्या रेल्वेचे संग्रहालय मराठी माणसाला या छंदाची ओळख करून देते. तेथे रूळ, सिग्नल आणि पूल यांनी गजबजलेले एक चालते नगर पाहायला मिळते. वऱ्हाडची गाडी करू पाहणाऱ्याचे लक्ष मात्र गतीपेक्षा गाडीच्या कातडीवर अधिक असावे लागते.

काम सुरू होण्यापूर्वी साल ठरवणे भाग असते. शकुंतलेची मालक सेंट्रल प्रॉव्हिन्सेस रेल्वे कंपनी १९१० साली स्थापन झाली, किलिक निक्सन ही मुंबईची पेढी तिच्यामागे होती, आणि वऱ्हाडचा कापूस मुख्य मार्गापर्यंत आणून तेथून मुंबईच्या बंदरात पोचवणे हा या मार्गाचा उघड हेतू होता. मालकी खासगी राहिली, गाडी चालवण्याचे काम मात्र आधी जीआयपी (ग्रेट इंडियन पेनिन्सुला) रेल्वेकडे आणि पुढे मध्य रेल्वेकडे होते. मूर्तिजापूर–यवतमाळ ११३ किमी आणि मूर्तिजापूर–अचलपूर सुमारे ७६ किमी अशा या दोन फाट्यांवर १९२१ साली मँचेस्टरला बनलेले, झेडडी श्रेणीचे वाफेचे इंजिन सत्तर वर्षे राबले आणि १५ एप्रिल १९९४ रोजी त्याची जागा डिझेल इंजिनाने घेतली. त्या डिझेलच्या ‘झेडडीएम’ या श्रेणीनावात झेड म्हणजे अडीच फुटी नॅरोगेज, डी म्हणजे डिझेल आणि एम म्हणजे प्रवासी व माल दोन्हींसाठी, असा अर्थ भरलेला आहे. ही एक तारीख ओलांडली की इंजिनावरची अक्षरे बदलतात आणि मळाची जातही बदलते, कारण वाफेच्या इंजिनाचा मळ कोळशाचा व पाण्याचा असतो आणि डिझेलचा मळ तेलाचा असतो.

डिकलचा कागद म्हणजे पाण्यात विरघळणाऱ्या खळीचा थर दिलेला साधा कागद; त्या थरावर पारदर्शक पापुद्रा असतो आणि पापुद्र्यावर अक्षरे छापली जातात. कोमट पाण्यात अर्धा मिनिट ठेवल्यावर खळ सुटते आणि पापुद्रा कागदावरून सरकवून डब्यावर नेता येतो. घरच्या इंकजेट प्रिंटरची शाई पाण्यात उतरते, म्हणून छापलेल्या कागदावर आधी वॉर्निशचे दोन-तीन हलके हात द्यावे लागतात, लेझर प्रिंटरच्या टोनरला तशी भीती नसते. पण नेहमीच्या वापरातल्या या दोन्ही यंत्रांत पांढरा रंग नसतो, आणि रेल्वेच्या गडद डब्यांवरची अक्षरे तर बहुधा पांढरी किंवा फिकट पिवळी असतात. यावरची युक्ती अशी की पारदर्शकऐवजी पांढरा पापुद्रा असलेल्या डिकल कागदावर डब्याचा रंग छापावा आणि अक्षरांची जागा कोरी सोडावी, म्हणजे पापुद्र्याचा पांढरा रंगच अक्षर होतो. मात्र छापलेला रंग आणि डब्याला मारलेला रंग एकजीव होईपर्यंत सहासहा नमुने फुकट जातात आणि छंदातील बराचसा संयम येथेच खर्ची पडतो.

स्थानकाची पाटी त्या मानाने सोपी, कारण ती पिवळ्यावर काळी असते. पण खरी कसोटी तिच्या आकारात आहे. पाटीवरचे ३० सेंटिमीटर उंचीचे अक्षर एचओ मापात साडेतीन मिलिमीटरांच्या आत येते, त्याची दोन सेंटिमीटर जाडीची रेघ पाव मिलिमीटरहूनही बारीक होते, आणि इंचाला ६०० ठिपके टाकणाऱ्या यंत्राला त्या रेघेसाठी जेमतेम पाच ठिपके मिळतात. एवढ्याशा जागेत ‘अचलपूर’ मधला मराठी दीर्घ ऊकार आणि ‘अचलपुर’ मधला हिंदी ह्रस्व उकार वेगळा दिसायला हवा, कारण महाराष्ट्रातील पाटीवर मराठी आणि हिंदी अशी देवनागरीचीच दोन रूपे इंग्रजीच्या सोबतीला नांदतात. पाच ठिपक्यांच्या रेघेत ह्रस्व-दीर्घाचा भेद राखणे म्हणजे शुद्धलेखनाची परीक्षा भिंगाखाली देणे होय.

याहून सूक्ष्म पेच ‘ल’ आणि ‘श’ या अक्षरांचा आहे. मराठी वळणाचा ल पाकळीचा आणि श देठाचा असतो, असे महाराष्ट्र शासनाच्या २००९ च्या वर्णमालेच्या निर्णयातही नमूद आहे. पण संगणकावरील अनेक देवनागरी फॉन्ट हिंदी वळणाचा दंडाचा ल आणि गाठीचा श आपोआप पुढे करतात. लाखपुरी या पूर्णाकाठच्या स्थानकाची पाटी अशा फॉन्टमध्ये छापली तर मराठी वाचकाला ती कोठेतरी परकी वाटते, भले कारण त्याला सांगता न येवो. शिवाय जुन्या पाट्या आणि डब्यांवरची अक्षरे पेंटरच्या कुंचल्याची किंवा पत्र्याच्या छापाची असत, त्यांत शिरोरेघ जाड आणि काना किंचित आखूड अशी हाताची सवय उतरलेली असे. म्हणून जाणकार फॉन्टच्या वाटेला न जाता जुने छायाचित्र मोठे करून त्यावरून अक्षर गिरवून घेतात आणि मग ते लहान करतात.

डिकल बसवण्याचा पृष्ठभाग चकचकीत असावा लागतो, कारण मंद, खरखरीत रंगावर पापुद्र्याखाली हवेचे सूक्ष्म बुडबुडे अडकतात आणि अक्षराभोवती चंदेरी कडा चमकते. पापुद्रा फळ्यांच्या खाचांत आणि रिबिटांच्या टोकांवर घट्ट बसावा म्हणून तो मऊ करणारे द्रावण लावतात. ते नसेल तर पाणी मिसळलेला व्हिनेगर बऱ्यापैकी काम देतो. अकोल्याचा मे महिना या कामाला वैरी आहे: पारा ४५ अंशांच्या आसपास असताना पापुद्रा जागेवर सरकवायच्या आधीच कोरडा पडतो आणि वॉर्निशचा फवारा हवेतच सुकून पिठासारखा बसतो, तर आषाढ-श्रावणाच्या दमट हवेत तेच वॉर्निश दुधाळ होते. दिवाळीनंतरचे तीन महिने हाच या कलेचा हंगाम.

अक्षरे बसली की मळाची पाळी येते, आणि येथे परदेशी पुस्तकांतील सल्ला जपूनच घ्यावा लागतो. त्यांत धूळ फिकट तपकिरी आणि गंज भडक केशरी सांगितलेला असतो. वऱ्हाडात धूळ काळ्या कापसाच्या जमिनीची, जी ओली असता काळी आणि वाळली म्हणजे राखाडी-तपकिरी दिसते. खरी मातीच वापरणे उत्तम. ती उन्हात खडखडीत वाळवून, कुटून, मलमलच्या कापडातून गाळून घेतली की मऊ भुकटी मिळते. मात्र तिच्यावरून लोहचुंबक फिरवणे विसरू नये, कारण ही माती बेसॉल्ट खडकाची आहे, त्या खडकातील मॅग्नेटाइटचे कण चुंबकाला काळ्या लवेसारखे चिकटून येतात, आणि तेच कण मोटरीत शिरले तर इंजिन कायमचे थांबते. भुकटी कोरड्या कुंचल्याने डब्याच्या खालच्या तिसऱ्या हिश्श्यात, चाकांभोवती आणि पायऱ्यांवर दाट, वर जाताना विरळ अशी चढवतात आणि मंद वॉर्निशच्या हलक्या फवाऱ्याने बांधतात; फवाऱ्याने तिचा रंग गडद होतो, म्हणून हवी त्यापेक्षा थोडी अधिक फिकट भुकटी आधी टाकणे हा अनुभवाचा हिशेब आहे.

वाफेच्या इंजिनावर काजळीबरोबर पांढरे ओघळही हवेत. अकोला, अमरावती आणि बुलडाणा या जिल्ह्यांतील पूर्णेच्या खोऱ्यात खारपाणपट्टा पसरला आहे, जेथील भूजल क्षारयुक्त असते, आणि लाखपुरी, दर्यापूर या बाजूने अंजनगाव सुर्जीकडे जाणारा मार्ग या पट्ट्यातूनच जातो. जड पाणी बाष्पकात उकळले की सांध्यांतून आणि झडपांतून निसटणारी वाफ आपल्यामागे क्षाराची पांढरी रेघ सोडते. पातळ केलेला करडा-पांढरा रंग सुईच्या टोकाने वरून खाली ओढून त्या रेघा काढतात. गंजाच्या बाबतीत प्रमाण सांभाळणे महत्त्वाचे, कारण प्रतिकृतीवरचा एक मिलिमीटरचा टवका खऱ्या गाडीवर तळहाताएवढा होतो, आणि हौशी माणसाचे डबे बहुधा यामुळेच भंगारात काढल्यासारखे दिसतात. छतावर वऱ्हाडी उन्हाने उडालेला रंग दाखवायचा तर मूळ रंगात पांढऱ्याऐवजी थोडा मातकट रंग मिसळावा. कापूसतळणीसारखे नाव असलेल्या स्थानकावरच्या मालडब्याच्या दाराच्या फटीत खऱ्या सरकीच्या कापसाचे दोन तंतू अडकवण्याचा मोह अनेकांना होतो. पण तो तंतू एचओ मापात सुतळीएवढा दिसतो, म्हणून तेथे पांढऱ्या रंगाचा एखादा अस्पष्ट ठिपकाच पुरतो.

मळ पूर्ण झाल्यावर तो काही ठिकाणी पुसायचा असतो. दाराची दांडी, पायरीची कडा, ड्रायव्हरच्या खिडकीची चौकट, ब्रेकचे चाक, जेथे जेथे रोज माणसाचा हात किंवा पाय लागतो तेथे गंज टिकत नाही आणि लोखंड उघडे होऊन चमकते. त्या जागांवर मऊ शिसपेन्सिलीचे टोक दोनदा घासले की ग्राफाइटची करडी झळाळी उमटते.