श्रद्धावंत आणि अद्भुतकथा

माझे वडील माळकरी आहेत. एकादशीचा उपवास आणि सायंकाळचा हरिपाठ यांत त्यांचा कधी खंड पडलेला नाही. सुटीत त्यांनी आपल्या नातीच्या हातात एक जाडजूड इंग्रजी कादंबरी पाहिली आणि तीत काय आहे म्हणून विचारले. ठेंगण्या लोकांचे एक गाव, चालणारी झाडे, जादूगार, आणि साऱ्या जगाला दास करू शकणारी एक अंगठी, असे तिने उत्साहाने सांगितले. रात्री ते मला म्हणाले, "अरे, त्या जगात देवाचं देऊळसुद्धा नाही म्हणते ती. असल्या खोट्या जगात रमलेलं मन उद्या पांडुरंगापुढं स्थिर राहील का?" श्रोतेहो, माझा सारा दिवस सरकारी कागदांना उत्तरे देण्यात जातो, पण या प्रश्नापुढे मी थबकलो.

ही शंका हसण्यावारी नेण्याजोगी नाही. भक्तीला एकाग्र मन लागते, आणि कल्पनेला भटकण्याची आवड असते. शिवाय ही शंका एकट्या आपल्याच घरांतली नाही. १९९७ मध्ये सुरू झालेल्या 'हॅरी पॉटर'च्या कथांना अमेरिकेतील अनेक धर्मनिष्ठ पालकांनी जादूटोण्याच्या भयाने विरोध केला. २००० ते २००९ या दशकात तेथील ग्रंथालयांत ज्या पुस्तकांवर आक्षेप आले, त्यांच्या यादीत याच कथा अग्रस्थानी होत्या.

परंतु माझ्या मुलीच्या हातातले पुस्तक ज्याने लिहिले, तो जे. आर. आर. टोल्किन स्वतः निष्ठावंत कॅथलिक होता. १९०४ मध्ये आई वारली तेव्हा तो बारा वर्षांचा होता. पुढे एका धर्मगुरूने त्याचे पालकत्व सांभाळले. तो ऑक्सफर्डला प्राध्यापक झाला, आणि १९५४-५५ मध्ये त्याची 'द लॉर्ड ऑफ द रिंग्ज' ही कथा तीन खंडांत प्रसिद्ध झाली. तत्पूर्वी १९३९ मध्ये स्कॉटलंडमधील सेंट अँड्र्यूज येथे परीकथांवर व्याख्यान देताना त्याने आपली भूमिका मांडली होती. तिचा आशय असा : मनुष्य हा निर्मात्याच्या प्रतिमेनुसार निर्माण झालेला आहे, म्हणून त्यालाही निर्मितीची ओढ असते. त्याने कल्पनेत दुसरे जग रचले, तर ती ईश्वराशी स्पर्धा नव्हे. ईश्वराने दिलेल्या शक्तीचा तो उपयोग होय.

पण खोट्या जगात रमणे म्हणजे असत्यावर विश्वास ठेवणे नव्हे काय? याचे उत्तर आपल्या साहित्यशास्त्रात सापडते. श्रीशंकुकाने चित्रातल्या घोड्याचा दृष्टांत दिला आहे. ते चित्र पाहून आपण 'घोडा' म्हणतो. ते ज्ञान खरे नाही आणि खोटेही नाही. त्यात संशय नाही, आणि 'हे घोड्यासारखे काही आहे' अशी तुलनाही नाही. ते निराळ्याच जातीचे ज्ञान आहे. चित्रातल्या घोड्यापुढे कोणी वैरण टाकीत नाही, तरी त्याचा वेग पाहून मन हर्षते. श्रद्धा याहून वेगळी. तिच्यावर मनुष्य आपले उभे आयुष्य लावतो. हा भेद ज्याला कळला, त्याने अद्भुतकथेला भिण्याचे कारण नाही.

आता त्या जगात देऊळ का नाही? टोल्किनने पूजाविधी बुद्धिपुरस्सर वगळले. १९५३ मध्ये एका जेझुइट स्नेह्याला लिहिलेल्या पत्रात त्याने म्हटले आहे की, या ग्रंथातले धर्मतत्त्व कथेतच मुरलेले आहे. ते कसे, हे शेवटी दिसते. अंगठी अग्नीत टाकण्यासाठी एवढी पायपीट करून गेलेला फ्रोडो ऐन क्षणी मोहाला बळी पडतो. तरीही जग वाचते. ज्या नीच गॉलमला पूर्वी दयेने जिवंत सोडलेले असते, तोच अंगठी हिसकावतो आणि तिच्यासह अग्नीत कोसळतो. मनुष्याचे बळ सरले तेथे पूर्वी केलेली दया फळास येते. तो दिवस २५ मार्चचा दाखविला आहे. त्या तिथीला ख्रिस्ती लोक येशूच्या गर्भावताराचा सण पाळतात. ज्याला ही खूण पटते, त्याचा आनंद दुणावतो. ज्याला पटत नाही, त्याचेही काही अडत नाही.

टोल्किनचा मित्र सी. एस. लुइस याची हकीकत तर वडिलांच्या शंकेच्या अगदी उलट आहे. १९१६ मध्ये, सतराव्या वर्षी, तो पक्का नास्तिक होता. तेव्हा रेल्वे स्थानकावरच्या दुकानात त्याने जॉर्ज मॅकडोनल्डची 'फँटास्टीज' ही अद्भुतकथा घेतली. त्या पुस्तकाने आपल्या कल्पनाशक्तीला बाप्तिस्मा दिला, असे त्याने पुढे लिहिले. बुद्धीने ख्रिस्ती श्रद्धा स्वीकारायला १९३१ साल उजाडले. पण पावित्र्याची पहिली चाहूल त्याला त्या कथेत लागली होती.

म्हणून प्रत्येक अद्भुतकथा हितकरच असते, असे मात्र नाही. क्रौर्याला गोडी लावणाऱ्या आणि घरच्या माणसांचा कंटाळा आणणाऱ्या कथाही आहेत. पुस्तक मिटल्यावर आपले अंगण, आपली माणसे, आपला देव अधिक जवळचे वाटतात की परके, हीच खरी कसोटी.

हे सारे मी वडिलांना सांगितले. त्यांनी गॉलमची गोष्ट पुन्हा एकदा विचारून घेतली. "म्हणजे दया वाया गेली नाही तर," एवढेच ते म्हणाले आणि टाळ घेऊन हरिपाठाला बसले. त्या दिवशी नातही त्यांच्याशेजारी बसली होती. पुस्तक तिने खूण घालून बाजूला ठेवले होते.